पाठमोरे समोर येऊन बसले

हॉटेलच्या अलीकडचा कोपरा आला की ते शर्टाच्या बाह्या दुमडत. आधी डावी, मग उजवी.

एप्रनची गाठ पोटावर मारत. पाठीवरची गाठ दुसऱ्याच्या हाती जाते, म्हणत.

दिवसाचं पहिलं अंडं फोडण्याआधी कानाजवळ नेऊन हलवत.

स्वतःचं उलथणं कुणाला देत नसत. मागितलंच तर दुसरं शोधून देत.

कुणी काही म्हटलं की 'बरं' म्हणत. होकाराला बरं, नकाराला बरं, भांडणालाही बरं. अलीकडे हे 'बरं' जरा लवकर यायला लागलं होतं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच.

आणि तव्यासमोर उभे राहिले की मागे वळून बघत नसत.

या शेवटच्या सवयीवरून त्यांना 'पाठमोरे' हे नाव पडलं. तवा भिंतीला लागून होता आणि नऊच्या नऊ टेबलं त्यांच्या मागे. एकतीस वर्षं गिऱ्हाइकांनी त्यांची मान, एप्रनच्या पट्ट्या आणि उजवं कोपर एवढंच पाहिलं. एका नव्या पोस्टमनला ते आडनावच वाटलं. नव्या वर्षाला त्याने शुभेच्छापत्र पाठवलं. वर लिहिलं होतं, 'श्री. पाठमोरे आणि कुटुंब'. बायकोने ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली आणि मला माझं आडनाव आत्ता कळतंय."

ते हसले. खरं तर त्यांना नाव आवडलं होतं.

हॉटेल लहान होतं. सकाळी सहाला उघडायचं, अकराला नाश्ता संपायचा. पदार्थही मोजकेच. अंडी, बटाटे, टोमॅटो, ब्रेड, चहा, कॉफी. पण अंडी म्हटली तरी एकाला मऊ, एकाला कडक, एकाला पिवळं फुटलेलं, एकाला पिवळं नकोच. रोजचं गिऱ्हाईक तोंडाने काही मागत नसे. नुसतं येऊन बसायचं. वाढणारी ताई दारातूनच ओरडायची, "चार, घड्याळवाले!" चार म्हणजे टेबल. घड्याळवाले म्हणजे टोमॅटो, कुरकुरीत बटाटे, दोन टोस्ट, अंडं नाही. पाठमोरे तयार ताट बाजूच्या फळीवर ठेवत. फळीवर नऊ खण होते. चौथ्या खणातलं ताट चौथ्या टेबलावर. कागद नाही, पेन नाही, वळून बघणं नाही. एकतीस वर्षं असं चाललं.

मग ऐकू येणं कमी झालं. एका दिवसात नाही. आधी ताईचा आवाज पातळ झाला. मग आकडे पुसट झाले. मग अंडं तव्यावर पडल्यावर जो आवाज येतो, तो गेला. त्या दिवशी मात्र ते घाबरले. तव्याकडे पाहिलं, गॅस पाहिला. सगळं ठीक होतं. अंड्याच्या कडा पांढऱ्या होत होत्या, बुडबुडे येत होते. फक्त आवाज नव्हता.

बायकोने धरून डॉक्टरकडे नेलं. कानात घालायचं यंत्र मिळालं. घरात त्याने ऐकू यायचं. हॉटेलात यायचा तो धूर ओढणारा पंखा. फक्त पंखाच. जणू कुणी पंखा उचलून डोक्यात बसवला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र बटणांच्या डब्यात टाकलं. बायको कपड्यांची दुरुस्ती करायची, घरात बटणांचे सहा डबे होते.

"मालकीणबाईंना सांगा," ती म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"बरं," ते म्हणाले. ती कपाळावर हात मारून शिवणाकडे वळली.

ते सांगणार नव्हते. त्यांना एकच हवं होतं. तवा सुटू नये. मागे एकदा दुरुस्तीसाठी हॉटेल आठ दिवस बंद राहिलं होतं. त्या आठ दिवसांत त्यांनी बायकोची दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावली, मग जाडीप्रमाणे लावली, मग परत रंगांप्रमाणे. नवव्या दिवशी तिने त्यांना पहाटे पाचलाच घराबाहेर काढलं. "हात कुठे ठेवायचे हेच या माणसाला कळत नाही," ती शेजारणीला सांगत होती. ते खरंच होतं.

वाट त्यांची त्यांनीच काढली. तव्याच्या वर स्टीलची चिमणी होती. रोज घासून तिला आरशासारखी चकाकी आली होती. त्या स्टीलमध्ये मागची खोली दिसायची. नीट नाही, फुगलेली, वाकडी. चेहरे अजिबात दिसत नसत. रंग दिसायचे. थंडीचे दिवस होते. माणसं कोट, जाकिटं न काढताच खायला बसायची. चौथ्या जागी तपकिरी डाग आला की घड्याळवाले. सहाव्या जागी गर्द निळा म्हणजे रात्रपाळीवरून आलेली नर्स. दुसऱ्या जागी पिवळाधमक म्हणजे गाडी शिकवणारे सर. त्यांचं जाकीट लांबून येणाऱ्या गाडीलाही दिसावं असं होतं.

आठवडाभरात रंग पाठ झाले. नवीन माणूस आला तर ताई जवळ येऊन सांगायची, तेव्हा ते तिच्या ओठांकडे बघत. सगळं सुरळीत चाललं. इतकं सुरळीत की कधी कधी ताईने तोंड उघडायच्या आतच ताट तयार असे.

"काका, तुम्हाला काय पाठीला डोळे फुटलेत?" ताई म्हणायची.

"बरं," पाठमोरे म्हणायचे.

पूर्ण हिवाळा निघाला.

मग एका सोमवारी थंडी गेली. एका रात्रीत. सकाळी ऊन पडलं आणि माणसांनी कोट घरी ठेवले.

पाठमोऱ्यांनी चिमणीत पाहिलं. एकही ओळखीचा रंग नव्हता. सगळीकडे पांढरे, फिकट, चौकडीचे शर्ट. क्षणभर त्यांना वाटलं, आज दुसऱ्याच गावातली माणसं आली आहेत. पाठीमागे ताई ओरडत होती, ते त्यांना मानेवर जाणवत होतं. एक आकडा आला, दुसरा आला. त्यांना काही कळेना. वळावं, असं मनात आलं. एकतीस वर्षांत वळले नव्हते. आज वळले तर सगळे विचारतील, का.

त्यांनी अंदाजाने ताटं लावली.

सुरुवातीला गंमतच झाली. मऊ अंडंवाल्याला कडक गेलं. साखर सोडलेल्या बाईंना साखर घातलेली कॉफी गेली. कुणी हसलं, कुणी ताटं बदलून घेतली. सातव्या टेबलावरचा एक म्हातारा म्हणाला, "राहू दे राहू दे, बारा वर्षांत पहिल्यांदा नवीन काहीतरी मिळालंय." ताई गोंधळली, पण पळत राहिली.

घड्याळवाले त्या दिवशी पिवळा शर्ट घालून आले होते.

गाडी शिकवणारे सर बटाट्याच्या खाली फेटलेलं अंडं घ्यायचे. वरून फक्त बटाटे दिसायचे. पिवळा डाग पाहून पाठमोऱ्यांनी तेच ताट चौथ्या खणात ठेवलं. घड्याळवाल्यांनी खिशातल्या घड्याळाचं झाकण उघडून आत बघत बघत पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवला. अंड्याने त्यांचे ओठ सुजायचे, गळा आवळायचा. हे सगळ्या हॉटेलला माहीत होतं.

खुर्ची पडली. ताई धावली. शेजारच्या टेबलावरच्या नर्सने त्यांच्या खिशातून गोळी काढून तोंडात घातली. कुणीतरी रिक्षा आणली. सगळी खोली उभी राहिली होती.

पाठमोरे बटाटे परतत होते.

मालकीणबाई गल्ल्यावरून उठून त्यांच्या मागे आल्या. काहीतरी म्हणाल्या. ते परतत राहिले. मग बाईंनीच हात लांब करून गॅस बंद केला. तेव्हा ते वळले. पडलेली खुर्ची पाहिली. उभी माणसं पाहिली. दाराबाहेर निघालेली रिक्षा पाहिली.

"किती दिवस झाले?" मालकीणबाईंनी विचारलं. या वेळी समोर उभ्या राहून, सावकाश.

ते 'बरं' म्हणाले नाहीत. "दोन वर्षं," म्हणाले.

घड्याळवाल्यांचा गळा संध्याकाळपर्यंत मोकळा झाला. पण मालकीणबाई आता प्रत्येक ताट गल्ल्यावरून उठून बघायला लागल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. सासऱ्यांनी हॉटेल त्यांच्या हाती दिलं तेव्हा तव्यावर पाठमोरेच होते. अंडं कसं फोडायचं हे त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळे बोलायला त्यांना तीन दिवस लागले.

"एक बाई आहे," त्या म्हणाल्या. "इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. परवा सकाळी येईल, तवा बघेल. तुम्ही पुढे बसायचं. गिऱ्हाइकासारखं. नाश्ता करायचा आणि मला सांगायचं, जमेल का नाही. तुम्ही हो म्हणालात तर तिला ठेवते. नाही म्हणालात तर दुसरं कुणी बघू. तोपर्यंत तवा तुमचा. ताई प्रत्येक ताट तपासून नेईल."

त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं.

"मग सोपं आहे," बायको म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती पुन्हा म्हणाली, "सोपं आहे की. नाही म्हणून टाका. त्या दुसरी आणतील, तिलाही नाही म्हणा. दहा जणी होईपर्यंत तुम्ही सत्तरीला टेकाल."

"आणि तिला खरंच येत असेल तर?"

"अहो, अंडं आहे ते. आकाशातून पडलंय का? काहीतरी खोट निघेलच."

ते रात्री नीट जेवले. खोट काढायची हे ठरलं होतं.

परवा सकाळी त्यांनी बाह्या दुमडल्या आणि मग परत सोडल्या. दारातून आत आले. तव्याकडे न जाता कुठे जायचं हे क्षणभर सुचेना. ताईने चौथ्या टेबलाची खुर्ची ओढली. "या, साहेब. काय घेणार?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कसली? मोठ्याने बोलतेय, तर म्हणे चेष्टा."

ते बसले. खुर्ची त्यांच्या कल्पनेपेक्षा बुटकी होती. टेबलाचा एक पाय लंगडा होता. इतकी वर्षं हे टेबल लंगडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

मग त्यांनी माणसं पाहिली.

दोन कडक अंडी, भरपूर मिरी. इतकी वर्षं त्यांनी एक दांडगा, मिशीवाला माणूस मनात धरला होता. ती एक बारीक आजी निघाली, पायाशी वाणसामानाची पिशवी घेऊन बसलेली. पिवळं फुटलेलं अंडं म्हणजे कुणी घाईतला असणार, असं त्यांना वाटायचं. तो माणूस वर्तमानपत्राची घडी मोडून, एकेक पान वाचत, तासभर खात होता. मिठाशिवायचे बटाटे एका तरुण, गोबऱ्या पोलिसाचे होते. पाठमोऱ्यांना वाटलं, आपण एवढी वर्षं भलत्याच लोकांना जेवू घालत होतो.

तव्याशी नवी बाई होती. चाळिशीच्या आतली, केस जाळीत बांधलेले. तिची पाठ बघायला त्यांना विचित्र वाटलं. पण पाठ फार वेळ दिसेना. ती सारखी वळत होती. ताट उचललं की वळून खोलीकडे बघायची, मगच फळीवर ठेवायची. वेळ फुकट, पाठमोरे मनात म्हणाले. ही पहिली खोट.

ताट आलं. दोन हाफ फ्राय, बटाटे, एक टोस्ट.

त्यांनी अंडं काट्याच्या टोकाने हलवलं. पिवळं थरथरलं, फुटलं नाही. कडा करपलेल्या नव्हत्या. वास घेतला. तेल ताजं. त्यांनी तोंडात घातलं.

खोट नव्हती.

बटाटे घेतले. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. ते थांबले. बटाटे तळण्याआधी फडक्याने कोरडे पुसावे लागतात, नाहीतर असे होत नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अकरा वर्षं लागली होती कळायला. हिने पुसले होते.

आणखी एक घास घेतला. मीठ कमी. इस्पितळातली सवय. त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलं.

"हे माझं टेबल," तो माणूस म्हणाला. मग थोडं पुढे झुकून, नीट तोंड उघडून, "तुम्हीच ना ते पाठमोरे? समोरून वेगळेच दिसता."

घड्याळवाले. साठीचे, बारीक, एका डोळ्याभोवती घड्याळ दुरुस्तीच्या भिंगाचा ठसा. खालचा ओठ अजून एका बाजूला जरा जाड होता.

पाठमोऱ्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. सोमवारी त्यांनी फक्त रिक्षेची पाठ पाहिली होती.

"माझी चूक झाली," ते म्हणाले.

"झाली खरी," घड्याळवाले म्हणाले. "दोन दिवस ओठ दुसऱ्याकडून उसने आणल्यासारखे होते. बायको म्हणाली, निदान घरात शांतता आहे." ते हसले. हसताना ओठाची ती बाजू हलली नाही. "जाऊ द्या. तुमच्या बटाट्यांसाठी मी सोळा वर्षं येतोय. मी दुसरीकडे जाऊन खाऊन बघितलं नसेल का? बघितलं. नाही जमलं."

पाठमोऱ्यांनी काटा खाली ठेवला. त्यांनी स्वतःचं ताट थोडं आपल्याकडे ओढलं. त्यात अंडं होतं.

तेवढ्यात नवी बाई तवा सोडून टेबलापाशी आली. हात पुसत. घड्याळवाल्यांना तिने विचारलं, "काका, तुम्हाला काय चालत नाही?"

"काय खाणार ते विचार ना," घड्याळवाले म्हणाले.

"ते नंतर. आधी काय चालत नाही ते सांगा. आमच्याकडे प्रत्येक ट्रेवर चिठ्ठी असायची. ती वाचल्याशिवाय ट्रे पुढे जायचा नाही. इथे चिठ्ठी नाही, म्हणून तोंडाकडे बघत्ये."

"अंडं."

"बरं," ती म्हणाली आणि परत गेली.

पाठमोरे बघत राहिले. कोण काय खातो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. कुणाला काय चालत नाही, हे एकतीस वर्षांत त्यांनी एकालाही विचारलं नव्हतं. घड्याळवाल्यांचं तेवढं कळलं होतं, तेही ताई म्हणाली म्हणून.

त्यांनी ताट संपवलं. सगळं. टोस्टने पिवळं पुसून घेतलं.

मालकीणबाई आल्या. समोर उभ्या राहिल्या. "काय मग?"

"बटाट्यात मीठ कमी."

"म्हणजे नाही?"

त्यांनी तव्याकडे पाहिलं. त्यांचं उलथणं खिळ्याला टांगलेलं होतं. बाई स्वतःचं घेऊन आली होती. त्यांच्या उलथण्याला तिने हात लावला नव्हता.

बायकोचे शब्द कानात होते. दहा जणी. सत्तरी. एक 'नाही' पुरेसं होतं आणि तेही खोटं म्हणता आलं नसतं, मीठ खरंच कमी होतं.

"म्हणजे मीठ कमी," ते म्हणाले. "मीठ वाढवता येतं. ठेवा तिला."

मालकीणबाईंनी मान हलवली. लगेच गल्ल्याकडे गेल्या आणि बराच वेळ खालचा खण शोधत राहिल्या. त्या खणात काही नव्हतं.

घरी गेल्यावर बायकोने मशीनवरून मान वर केली. त्यांनी सांगितलं. तिने दोरा तोडला. मग म्हणाली, "रिळांना हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"आणि यंत्र कानात घाला. आता पंखा नाही."

त्यांनी बटणांच्या डब्यातून यंत्र काढलं. पुसलं. घातलं. मशीनचा आवाज आला. ते दचकले. "हे इतकं वाजतं?"

"वीस वर्षं वाजतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सहाला ते हॉटेलात हजर. सवयीने. ताई हसली, मालकीणबाईंनी चहा पुढे केला. नवी बाई म्हणाली, "काका, बरं झालं आलात. ही माणसं येऊन नुसती बसतात. काय हवं विचारलं तर म्हणतात, नेहमीचं. नेहमीचं म्हणजे काय, ते मला कुठून कळणार?"

"मला माहीत आहे."

"आणि काय चालत नाही?"

"ते नाही माहीत."

"मग विचारा की. बसून काय करणार?"

तिने एक जाड पुठ्ठा आणला. फळीच्या वर, तव्याशी उभं राहून दिसेल असा लावला. टेबलांचे नऊ भाग पाडले. प्रत्येक भागात दोन रकाने. खातात. चालत नाही.

पाठमोऱ्यांनी ते काम फार मनावर घेतलं. दिवसाला एक टेबल. घाई नाही. ते त्या टेबलावर जाऊन बसत, तिथे जे खातात तेच मागवत, स्वतः खाऊन बघत. मग विचारत. लोकांना आधी अवघडल्यासारखं झालं. मग मजा वाटायला लागली. पहिल्या टेबलावरच्या आजी दोन तास बोलल्या. त्यांना दूध चालत नव्हतं, सूनही फारशी चालत नव्हती. सून पुठ्ठ्यावर लिहिता येणार नाही, पाठमोरे म्हणाले. आजी म्हणाल्या, "लहान अक्षरात लिहा." गाडी शिकवणाऱ्या सरांना रविवारचं काहीच चालत नव्हतं, पण ते पोटाचं नव्हतं. घड्याळवाल्यांच्या ओळीत त्यांनी 'अंडं' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पाचव्या टेबलापर्यंत पोचले तेव्हा त्यांना खोलीतली सगळी नावं नव्हे, पण सगळे चेहरे येऊ लागले होते. दारातून कुणी आलं की ते हात वर करत. लोकही करत. "पाठमोरे, इकडे कधी येणार?" असं लांबच्या टेबलांवरून विचारत. नंबर लागतील तसं, ते म्हणत. यंत्र कानात असायचं, टेबलांपाशी पंखा तेवढा यायचा नाही. अधूनमधून काढून पुसायचे.

मंगळवारी सहावं टेबल होतं. तिथे तीन माणसं बसायची. दोघं भाऊ, रंगकाम करणारे, आणि रात्रपाळीची नर्स. भावांचं विचारून झालं. नर्स त्या दिवशी आली नाही. ताई म्हणाली, तिची पाळी बदलली, उद्या येईल. "मग उद्या विचारतो," ते म्हणाले आणि पेन कानावर ठेवलं. पेन घासून यंत्र शिटीसारखं वाजलं, तसं पेन काढून खिशात घातलं.

बुधवारी सकाळी ते बूट घालायला खाली वाकले. बायको आत चहा गाळत होती. तिने हाक मारली. ऐकू आलं नसेल, म्हणून दुसरी जोरात मारली. मग यंत्र घातलं नाही वाटतं, असं म्हणत बाहेर आली.

यंत्र त्यांनी घातलं होतं.

हॉटेल दोन दिवस बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी उघडलं. नवी बाई आता मीठ बरोबर घालते. सात, आठ, नऊ या टेबलांवर ती स्वतः जाऊन विचारते, पण लिहीत नाही. पुठ्ठा आहे तिथेच आहे. सहाव्या टेबलाच्या तिसऱ्या ओळीत त्यांचं अक्षर आहे. 'रात्रपाळीची नर्स. खातात : एक मऊ अंडं, लोणी न लावलेला टोस्ट, काळी कॉफी. चालत नाही :'

पुढची जागा कोरी आहे.